दोन महामहमांच्या दरम्यान : रूझवेल्ट यांचा काळ आणि कुंभकोणम (१९३३–१९४५)

गुरू सिंह राशीत आला की गोदावरीच्या काठी नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो. त्याच गुरुयोगावर कावेरीच्या काठी, तंजावरजवळच्या कुंभकोणम नगरात, तमिळ पंचांगातील मासी महिन्यात मघा नक्षत्रावर महामहम साजरा होतो. साधारणपणे बारा वर्षांतून एकदा भारतातील सर्व पवित्र नद्या तेथील सरोवरात एकत्र येतात, अशी श्रद्धा आहे. विसाव्या शतकात हा योग १९३३ मध्ये आला आणि त्यानंतर १९४५ मध्ये. फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ ४ मार्च १९३३ रोजी घेतली आणि पदावर असतानाच १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. जागतिक मंदीचा तळ आणि दुसऱ्या महायुद्धाची अखेर यांमधील त्यांची जवळजवळ संपूर्ण कारकीर्द अशा रीतीने कुंभकोणमच्या दोन महामहमांच्या दरम्यान बसते. हा केवळ कालगणनेतील योगायोग आहे. त्यात कार्यकारणभाव शोधण्याचे कारण नाही. मात्र एकाच मंदीला आणि एकाच युद्धाला दोन समाज कोणत्या नेतृत्वाच्या आधारे सामोरे गेले, याची तुलना करण्यासाठी तो एक सोयीचा कालपट पुरवतो.

अमेरिकी अध्यक्षीय नेतृत्वाचा विचार बहुधा व्यक्तिमत्त्वाच्या अंगाने केला जातो: रूझवेल्ट यांचे धैर्य, वक्तृत्व, राजकीय चातुर्य. कुंभकोणमकडून पाहिले असता प्रश्नाचे स्वरूप बदलते. कर्तृत्ववान माणसांची वाण कावेरीच्या खोऱ्यातही नव्हती. तेथे लोकांचा विश्वास एका ठिकाणी होता आणि निर्णयाची सत्ता दुसऱ्या ठिकाणी. संकटकाळातील नेतृत्वाचे मर्म शब्द आणि सत्ता यांच्या या संबंधात शोधावे लागते.

उसनी सत्ता

हा संबंध कुंभकोणमला नवा नव्हता. तंजावरच्या भोसले घराण्याच्या राज्यात स्थिरावलेल्या मराठीभाषक कुटुंबांपैकी एका कुटुंबात, कुंभकोणममध्ये, १८२८ साली टी. माधवराव यांचा जन्म झाला. त्रावणकोरच्या दिवाणपदाची सूत्रे त्यांच्या हाती आली तेव्हा संस्थानाचा खजिना रिता होता आणि कर्जाचा भार मोठा होता. १८७२ पर्यंतच्या दिवाणगिरीत त्यांनी मिरी व तंबाखू यांवरील सरकारी मक्ते उठवले, अनेक किरकोळ कर रद्द केले आणि १८६५ च्या घोषणेने सरकारी जमिनीच्या कुळांना त्या जमिनींवर मालकीचा हक्क मिळाला. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ व संसदसदस्य हेन्री फॉसेट यांनी त्यांना भारताचा तुर्गो म्हटले.

ही उपमा गौरवासाठी योजलेली असली तरी ती एका वेगळ्या अर्थानेही समर्पक ठरली. फ्रान्सचा अर्थमंत्री तुर्गो राजाच्या मर्जीवर पदावर होता आणि मर्जी फिरताच १७७६ मध्ये त्याला जावे लागले. माधवरावांची सत्ताही महाराज आणि ब्रिटिश रेसिडेंट यांच्या विश्वासावर उभी होती. महाराजांशी संबंध दुरावल्यावर त्यांची दिवाणगिरी संपली. पुढे इंदूर आणि बडोदा येथेही त्यांनी अशाच उसन्या सत्तेवर कारभार केला. त्यांच्या सुधारणांचा लाभ प्रजेला झाला, पण त्यांना पदावर ठेवण्याचा अथवा दूर करण्याचा अधिकार प्रजेला कधीच नव्हता. १९३३ नंतरच्या घटना समजून घेताना हा पूर्वेतिहास ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पत

मराठीतील ‘पत’ या शब्दात आर्थिक आणि नैतिक असे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. सावकाराची पत असते, तशी शब्द पाळणाऱ्या माणसाचीही असते. मार्च १९३३ मध्ये अमेरिकेत या दोन्ही अर्थांनी पत नाहीशी होत होती. सुमारे एक चतुर्थांश श्रमिक बेकार होते आणि बहुसंख्य राज्यांतील बँका पूर्णतः किंवा अंशतः बंद होत्या. रूझवेल्ट यांनी ६ मार्चपासून देशभर बँकांना सक्तीची सुट्टी दिली. ९ मार्चला काँग्रेसने आणीबाणीचा बँकिंग कायदा एकाच दिवसात संमत केला. १२ मार्चच्या रात्री अध्यक्षांनी नभोवाणीवरून लोकांशी संवाद साधला आणि दुसऱ्या दिवसापासून तपासून सुस्थितीत आढळलेल्या बँका टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या. ठेवी काढून घेणारे लोक त्या पुन्हा भरू लागले.

या भाषणाची शैली अभ्यासण्यासारखी आहे. त्यात आवेश नाही. ठेवीदाराने दिलेला पैसा बँक कपाटात ठेवत नाही, तो पुढे कर्जाऊ देते, म्हणून सर्वांनी एकाच वेळी मागितल्यास तो परत देता येत नाही, ही गोष्ट वक्ता शेजाऱ्याला सांगावी तशी सांगतो. परंतु त्या साध्या शब्दामागे कायदा, तपासनीस आणि चलनपुरवठा उभा होता, आणि जूनमधील कायद्याने ठेवविमाही आला. शब्दाला कृतीचे तारण होते, म्हणून शब्दाची पत राहिली.

कुंभकोणममध्ये १९०४ पासून स्थानिक भांडवलावर चालणारी कुंभकोणम बँक होती; आजची सिटी युनियन बँक ती हीच. अशा लहान बँकांचे दक्षिणेत दाट जाळे होते आणि त्यांचा आधार होता तो मुख्यतः परस्पर ओळखीचा. जून १९३८ मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँकेने देणी थांबवली, तेव्हा दक्षिणेतील ठेवीदारांमध्ये घबराट पसरली. रिझर्व्ह बँक स्थापन होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. बँकांच्या नियमनाचा व्यापक कायदा भारतात १९४९ मध्ये आणि ठेवविमा १९६२ मध्ये आला. १९३८ च्या त्या उन्हाळ्यात ठेवीदाराला धीर देईल आणि त्या धीरामागे राज्यसंस्थेची संपूर्ण ताकद उभी करील, असे एकही पद देशात नव्हते. व्हाइसरॉयला तसे करण्याची गरज नव्हती. प्रांतिक मंत्र्याला तसा अधिकार नव्हता.

भात, रुपया आणि पाणी

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचे जीवन भातावर अवलंबून होते. १९२९ नंतरच्या पाच-सहा वर्षांत मद्रास इलाख्यात भाताचा भाव निम्म्याच्या आसपास घसरला. शेतसारा मात्र रोखीत ठरलेला होता आणि कर्जाचे व्याजही रोखीतच द्यावे लागे. भाव निम्मा झाला की तेच कर्ज फेडण्यासाठी दुप्पट धान्य विकावे लागते, हे साधे गणित मिरासदारापासून लहान शेतकऱ्यापर्यंत सर्वांच्या अनुभवाला आले.

हीच अडचण आयोवा किंवा कॅन्ससच्या शेतकऱ्याची होती. त्यावर रूझवेल्ट यांनी योजलेला एक उपाय चलनाचा होता. एप्रिल १९३३ मध्ये डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडण्यात आला आणि जानेवारी १९३४ मध्ये सोन्याचा अधिकृत भाव औंसाला २० डॉलर ६७ सेंटवरून ३५ डॉलरवर नेण्यात आला. शेतमालाचे भाव चढावेत हा त्यामागील उघड हेतू होता. भारतात १९२७ च्या कायद्याने रुपयाचा दर १८ पेन्स ठरला होता. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडले तेव्हा रुपया त्याच दराने स्टर्लिंगला बांधला गेला. दर उतरवावा ही मागणी भारतीय व्यापारी व राजकीय वर्तुळांतून सातत्याने होत राहिली. लंडनमधील भारतमंत्र्यांच्या कार्यालयाने ती मानली नाही. भाव उतरलेल्या काळात घरोघरचे सोने बाजारात आले आणि परदेशी गेले. दोन्ही देशांत सोन्याविषयी निर्णय झाला. एका ठिकाणी तो शेतकऱ्याच्या मताला बांधील असलेल्या अध्यक्षाने घेतला, दुसऱ्या ठिकाणी शेतकऱ्याने ज्यांना कधीच निवडले नव्हते अशा अधिकाऱ्यांनी.

पाण्याचा इतिहास हेच दाखवतो. टेनेसी खोरे प्राधिकरणाचा कायदा १८ मे १९३३ रोजी झाला. कावेरीवरील मेट्टूर धरणाचे काम १९२५ मध्ये सुरू होऊन ऑगस्ट १९३४ मध्ये पूर्ण झाले. अभियांत्रिकी दृष्टीने मेट्टूर हे आपल्या काळातील मोठे यश होते. मात्र नवे कालवे नव्या जमिनीपर्यंत पोहोचले ते भाताचा भाव तळाला असताना. पाणी आणणारे खाते आणि भावावर परिणाम करणारे खाते यांच्यामध्ये समुद्र पसरला होता. टेनेसी खोऱ्याच्या प्रयोगात वीज, पूरनियंत्रण, खते आणि शेती यांचा एकत्र विचार होता. त्याचे महत्त्व भारतात ओळखणाऱ्यांमध्ये कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे एक होते. जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य असताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेला चालना दिली आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ कायद्याने अस्तित्वात आले. येथेही एक विसंगती नोंदवली पाहिजे. आंबेडकरांचे पद नियुक्तीचे होते. माधवरावांप्रमाणे त्यांनाही उसन्या सत्तेतून लोकहित साधावे लागले.

दामदुपट

१९३५ च्या कायद्यानुसार निवडणुका होऊन जुलै १९३७ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी मद्रास इलाख्याचे पंतप्रधान झाले. चलन, आयातकर आणि संरक्षण त्यांच्या कक्षेबाहेर होते; शेतकऱ्याचे कर्ज मात्र कक्षेत होते. १९३८ चा मद्रास शेतकरी साहाय्य कायदा हा त्यांच्या मंत्रिमंडळाचा मंदीवरील सर्वांत धाडसी उपाय होय. १ ऑक्टोबर १९३२ पूर्वीच्या कर्जांवर १ ऑक्टोबर १९३७ रोजी थकलेले सर्व व्याज त्याने रद्द केले आणि मुद्दलाच्या दुप्पट रक्कम आधीच दिली गेली असल्यास संपूर्ण कर्ज फिटले असे मानले. महाराष्ट्रातील वाचकाला यात दामदुपटीच्या जुन्या नियमाचा प्रतिध्वनी सहज ऐकू येईल. परंपरेतील न्यायकल्पनेचा आधार घेऊन आधुनिक विधिमंडळाने केलेला हा हस्तक्षेप होता. न्यू डीलच्या अनेक कायद्यांपेक्षा तो सावकाराच्या हिताला अधिक थेट भिडला.

त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. सवलत मिळाली ती जमिनीत हक्क असलेल्या शेतकऱ्याला. तंजावर जिल्ह्यात मोठ्या मिरासदाराच्या शेतावर पिढ्यानपिढ्या बांधलेला पण्णैयाळ, जो बहुधा दलित होता, त्याच्यापर्यंत ती पोहोचली नाही. अमेरिकेतही याहून वेगळे घडले नाही. १९३३ च्या कृषी समायोजन कायद्याने लागवड कमी करण्यासाठी दिलेले पैसे मुख्यतः जमीनमालकांच्या हाती पडले आणि दक्षिणेतील अनेक बटाईदारांना, विशेषतः कृष्णवर्णीयांना, जमिनीवरून हटवले गेले. १९३४ मध्ये आर्कान्सामध्ये बटाईदारांची संघटना उभी राहिली ती यातूनच. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. तंजावरमध्ये शेतमजुरांची संघटित चळवळ १९४० च्या दशकात कम्युनिस्टांच्या पुढाकाराने वाढली आणि कुळे व पण्णैयाळ यांच्या संरक्षणाचा कायदा १९५२ मध्ये, पुन्हा राजगोपालाचारी मुख्यमंत्री असताना, झाला. मताधिकार जेथे संपतो तेथेच साहाय्याची कक्षा संपते, हे दोन्ही खंडांत सारखेच दिसते. मद्रासमध्ये १९३७ चा मताधिकार मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता. अमेरिकेच्या दक्षिणेत मतदानकर व अन्य युक्त्यांनी कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवले जात होते.

विचारलेले आणि न विचारलेले युद्ध

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. केंद्रीय विधिमंडळाला किंवा प्रांतिक मंत्रिमंडळांना विचारण्यात आले नाही. ऑक्टोबरअखेर राजगोपालाचारी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि इलाखा कलम ९३ अन्वये गव्हर्नरच्या हाती गेला. रूझवेल्ट यांची सहानुभूती ब्रिटनच्या बाजूने असूनही त्यांना दोन वर्षे लोकमताच्या गतीने चालावे लागले. मार्च १९४१ मधील उधार-पट्टा कायदा त्यांनी काँग्रेसमधील दीर्घ वादातून संमत करून घेतला आणि ८ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी, युद्धघोषणेसाठी ते काँग्रेससमोर गेले. युद्धाच्या ऐन धुमाळीत, १९४२ मध्ये काँग्रेसच्या आणि १९४४ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुका तेथे नेमाने झाल्या. मद्रास इलाख्यात १९३७ नंतर विधिमंडळाची सार्वत्रिक निवडणूक झाली ती थेट १९४६ मध्ये.

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. मंदीच्या काळात ज्या स्वस्त तांदळाच्या आयातीने तंजावरचा भाव पाडला होता, तीच आयात थांबल्यावर कावेरीचे खोरे अवघ्या दक्षिणेच्या भुकेचा आधार ठरले. ६ एप्रिलला विशाखापट्टण व काकिनाडा येथे बाँब पडले. अमेरिकेत त्याच महिन्यात व्यापक भावनियंत्रण जाहीर झाले आणि शिधावाटपासाठी स्थानिक नागरिकांची मंडळे काम करू लागली. मद्रासमध्येही धान्याची सरकारी खरेदी आणि शिधावाटप आले. ते नोकरशाहीने चालवले. १९४३ मध्ये बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे दुष्काळात दगावली. त्या वेळी उत्तरदायी शासन असते तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे. ते पुरेशा अर्थाने नव्हते, एवढे मात्र इतिहास सांगतो.

अध्यक्षांच्या शब्दाची सीमा

ऑगस्ट १९४१ च्या अटलांटिक सनदेत रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी सर्व लोकांचा आपले शासन निवडण्याचा हक्क मान्य केला. सप्टेंबरमध्ये चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये स्पष्ट केले की सनदेचा रोख नाझी सत्तेखालील युरोपीय राष्ट्रांकडे आहे. १ जानेवारी १९४२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर भारताचीही सही होती. वीस वर्षांपूर्वी, १९२२ मध्ये, वॉशिंग्टनच्या नौदल करारावर भारताच्या वतीने सही केली होती ती व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी. कुंभकोणमजवळच्या वलंगैमान येथे जन्मलेले, कुंभकोणममध्येच शिकलेले शास्त्री गोपाळ कृष्ण गोखले यांच्यानंतर पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झाले होते. सही करण्याचा मान आणि निर्णय घेण्याचा अधिकार यांतील अंतर त्यांच्याइतके निकटून फार थोड्यांनी पाहिले असेल.

रूझवेल्ट यांना हे अंतर दिसत होते. मार्च १९४२ मध्ये त्यांनी चर्चिल यांना भारतासाठी हंगामी सरकार सुचवले आणि त्यासाठी अमेरिकेतील तेरा राज्यांच्या १७८३ ते १७८९ दरम्यानच्या संघाचा दाखला दिला. त्यांचे प्रतिनिधी लुई जॉन्सन एप्रिलमध्ये दिल्लीत क्रिप्स वाटाघाटी वाचवण्यासाठी झटले. त्या फिसकटल्या तेव्हा रूझवेल्ट यांनी चर्चिल यांना आणखी एक प्रयत्न करण्याची विनंती केली. ती फेटाळली गेल्यावर मित्रराष्ट्रांची एकजूट जपणे त्यांनी पसंत केले. त्याच महिन्यात राजगोपालाचारी यांनी मद्रासच्या काँग्रेस आमदारांकडून, मुस्लीम लीगची विभक्ततेची मागणी तत्त्वतः मान्य करून राष्ट्रीय सरकार स्थापावे, असा ठराव करवून घेतला. अखिल भारतीय काँग्रेस समितीने तो नाकारला आणि काही महिन्यांत त्यांनी काँग्रेस सोडली. एका नेत्याजवळ सत्ता होती, पण भारतासाठी ती पणाला लावण्याची त्याची तयारी नव्हती. दुसऱ्याने असलेली सर्व पत पणाला लावली, पण तिच्यामागे सत्ता नव्हती. १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना, ज्यांत बहुसंख्य अमेरिकी नागरिक होते, छावण्यांत टाकणारे अध्यक्षही रूझवेल्टच होते. लोकांना उत्तरदायी असलेला शब्द त्या ‘लोकां’च्या व्याख्येइतकाच रुंद असतो, याचा हा कठोर पुरावा आहे.

साहित्यात उतरलेला शब्द

राज्यकारभारात ज्या शब्दाला सत्तेचे तारण मिळाले नाही, तो कथनाकडे वळलेला दिसतो. तंजावर जिल्ह्यातच जन्मलेले आणि राजगोपालाचारींच्या मद्यपानबंदीच्या मासिकात उमेदवारी केलेले कल्की कृष्णमूर्ती यांनी १९४१ मध्ये ‘कल्की’ साप्ताहिक सुरू केले. ‘पार्थिबन् कनवु’ ही मांडलिक चोळ राजाच्या स्वातंत्र्यस्वप्नाची कादंबरी आणि त्यानंतर ‘शिवकामियिन् शपथम्’ युद्धकाळात त्यातून क्रमशः येऊ लागल्या. दुसऱ्या कादंबरीत वातापीच्या पुलकेशीचे आक्रमण ओळखून राज्याला वेढ्यासाठी सज्ज करणारा पल्लव राजा महेंद्रवर्मा दिसतो. ज्या वाचकाला आपल्या युद्धाविषयी कोणी विचारले नव्हते, त्याच्यापुढे प्रजेच्या रक्षणाचा विचार करणारा राज्यकर्ता कथेतून उभा राहिला. राजगोपालाचारींनी महाभारताच्या कथा सोप्या तमिळमध्ये याच साप्ताहिकातून सांगितल्या. बँकेचे गणित शेजाऱ्याच्या भाषेत सांगणारे रूझवेल्ट आणि धर्मसंकट आजोबांच्या भाषेत सांगणारे राजगोपालाचारी यांच्या साध्या गद्याची तुलना फलदायी ठरेल; पहिल्याचे गद्य कायद्याकडे नेते, दुसऱ्याचे विवेकाकडे.

मराठीतही याला समांतर उदाहरण आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये, म्हणजे त्याच गुरुयोगाच्या काळात, नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यातील कुटुंबाची ओढाताण घडवून आणणारी एक प्रमुख शक्ती कर्ज ही आहे. कथेचा काळ मंदीपूर्वीचा असला, तरी १९३५ मध्ये पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाला सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान परका वाटण्याचे कारण नव्हते. कर्जाची नामुष्की एका आईच्या चारित्र्याच्या कसोटीत रूपांतरित करणे, हा सत्ता नसलेल्या समाजाने पत जपण्याचा मार्ग होता.

१९४५ चा महामहम आटोपला आणि काही आठवड्यांतच रूझवेल्ट यांचे निधन झाले. त्यांची कारकीर्द निर्दोष नव्हती. १९३७-३८ मध्ये मंदी पुन्हा उलटली आणि बेकारी खऱ्या अर्थाने संपली ती युद्धाच्या मागणीने. तरीही चुकणाऱ्या नेत्याला जाब विचारण्याची व्यवस्था त्या बारा वर्षांत तेथे टिकून राहिली. कुंभकोणमच्या बाबतीत ती व्यवस्था २७ महिने डोकावली आणि युद्धाच्या एका घोषणेने मिटली. माधवरावांपासून राजगोपालाचारींपर्यंतच्या परंपरेत बुद्धी, सचोटी आणि धैर्य यांची उणीव दिसत नाही. उणीव होती ती त्या गुणांना लोकांच्या हातातील सत्तेशी जोडणाऱ्या दुव्याची. १९५६ मध्ये पुढचा महामहम आला तेव्हा तो दुवा प्रौढ मताधिकाराच्या रूपाने सांधला गेला होता आणि सरोवरात उतरणाऱ्या पण्णैयाळाजवळही, कायद्यापुरते का होईना, मिरासदाराइतकेच एक मत होते.